'इन्फ्लेमेबल' आणि 'ज्वालाग्राही' : एका विशेषणाची अर्थचिकित्सा

१

सुरतेहून धुळ्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग नंदुरबार जिल्ह्यात नवापूर येथे प्रवेश करतो. पूर्वी त्याचा क्रमांक ६ होता, आता तो ५३ आहे. ह्या मार्गावरून धावणाऱ्या तेलवाहू टँकरांच्या पाठीवर तांबड्या अक्षरांत धोक्याची सूचना रंगविलेली असते. कोठे 'हायली इन्फ्लेमेबल', कोठे 'अति ज्वलनशील', तर कोठे 'ज्वालाग्राही'. गाडी गुजरातेतली असो वा महाराष्ट्रातली, सूचनेचा हेतू एकच असतो. ह्या वस्तूजवळ विस्तव आणू नये, इतकेच वाचणाऱ्यास कळावे.

हा हेतू कितपत साधतो, असा प्रश्न प्रस्तुत लेखकास प्रथम वर्गात पडला. 'इन्फ्लेमेबल' ह्या इंग्रजी विशेषणाचा अर्थ विचारला असता एका विद्यार्थिनीने तत्काळ उत्तर दिले, "न पेटणारे." तिचा तर्क सरळ होता. 'इन्डिपेन्डन्ट', 'इन्ॲक्टिव्ह', 'इन्व्हिजिबल' ह्या शब्दांतील 'इन्' नकारार्थी आहे, मग येथेच तो का नसावा? तिचे व्याकरण चुकलेले नव्हते, चुकलेला होता तो निष्कर्ष. पुढे मराठी 'ज्वालाग्राही'चा अर्थ विचारला तेव्हा वर्गात शांतता पसरली. अखेर एकाने "ज्वाला बाहेर टाकणारे" असे सांगितले. पदव्युत्तर वर्गात ही स्थिती असेल, तर रस्त्याच्या कडेला उलटलेल्या टँकरभोवती डबे घेऊन जमणाऱ्या माणसास ह्या शब्दांतून काय कळत असेल, ह्याचा विचार करणे भाषाशास्त्राच्या अभ्यासकास टाळता येणार नाही.

प्रस्तुत लेखात प्रथम ह्या इंग्रजी विशेषणाचा इतिहास व त्यातील संदिग्धता पाहावयाची आहे. नंतर त्याच्या मराठी पर्यायांची चिकित्सा करून धोक्याच्या सूचनेचे मराठी कसे असावे, ह्याविषयी एक मत मांडावयाचे आहे.

२

अग्नीशी संबंध दर्शविणारी विशेषणे एकाच जातीची नसतात. वस्तूचा अग्नीशी असलेला संबंध निदान चार प्रकारांनी सांगता येतो. पहिला संबंध उत्पत्तीचा. नंदुरबार जिल्हा ज्या काळ्या बेसाल्टवर वसला आहे, त्यास भूशास्त्रात 'अग्निजन्य' खडक म्हणतात. तो अग्नीपासून झाला, परंतु आज तो पेटत नाही. दुसरा संबंध कर्तृत्वाचा. जे जाळते ते 'दाहक'. तेजाब दाहक आहे, पण म्हणून ते पेट घेईलच असे नाही. तिसरा संबंध ग्रहणशक्तीचा. जे स्वतः पेटते ते 'ज्वालाग्राही' किंवा 'ज्वलनशील'. चौथा संबंध साम्याचा. जे अग्नीसारखे भासते ते 'जहाल', 'तापट', 'जळजळीत'.

इंग्रजीत ह्या चार अर्थांसाठी चार स्वतंत्र शब्द आहेत आणि त्यांच्या सीमा बऱ्याच अंशी निश्चित आहेत. त्यांतील 'फायरी' हा चौथ्या वर्गातला शब्द मोठा अष्टपैलू आहे. घोडा, वक्ता, मद्य, सूर्यास्त, मिरची ह्या सर्वांना तो लागतो. मराठीने हे काम अनेकांत वाटून दिले आहे. नंदुरबारच्या बाजारातील मिरची 'तिखट' असते, घोडा 'तल्लख' वा 'तेज' असतो, माणूस 'तापट' असतो आणि विष 'जहाल' असते. राजकारणात 'जहाल' व 'मवाळ' ही जोडी पक्षवाचक झाली, तेव्हा तिच्यातील 'जहाल'ला अग्नीची आठवण राहिली नव्हती. ती पुन्हा करून देण्यासाठीच की काय, मराठीने 'ज्वलज्जहाल' असा शब्द घडविला. 'ज्वलत्' ह्या संस्कृत पदाचा, जो संस्कृत नव्हे अशा 'जहाल'शी संस्कृताच्याच नियमाने केलेला हा संधी आहे. व्याकरणाच्या दृष्टीने तो विलक्षण म्हणावा लागेल, पण वक्तृत्वाच्या वर्णनात तो रूढ झाला.

येथे एक गोंधळ नोंदवून ठेवला पाहिजे. 'ज्वालाग्राही भाषण' असा प्रयोग मराठी लिखाणात अधूनमधून आढळतो. भाषण पेट घेत नाही, पेटविते. पेट घेतो तो श्रोतृसमुदाय. इंग्रजीत पेटणाऱ्यास 'इन्फ्लेमेबल' आणि पेटविणाऱ्यास 'इन्फ्लेमेटरी' असा भेद केलेला आहे. मराठीतही 'प्रक्षोभक', 'भडकाऊ', 'चिथावणीखोर' हे शब्द दुसऱ्या अर्थासाठी सिद्ध आहेत. तरीही 'ज्वालाग्राही' भाषणास लावला जातो, ह्याचा अर्थ इतकाच की, त्यातील 'ग्राही' हा अवयव बोलणाऱ्यास जाणवत नाही. त्यास केवळ 'ज्वाला' ऐकू येते. वर्गातील त्या विद्यार्थ्याच्या उत्तराचे मूळ येथे आहे.

३

'इन्फ्लेमेबल'मधील 'इन्' मुळात नकारार्थी नाही. लॅटिनमध्ये दोन भिन्न 'इन्' होते. एक नकारवाचक, जो आपल्या 'अ-', 'अन्-' ह्या उपसर्गांचा सगोत्र आहे. दुसरा 'आत', 'वर', 'कडे' अशा अर्थाचा. 'इन्फ्लामारे' म्हणजे 'आग लावणे' ह्या क्रियापदात हा दुसरा 'इन्' आहे, आणि त्यावरूनच 'इन्फ्लेमेबल' साधला आहे. अर्थात 'पेटविता येण्यासारखे' हाच त्याचा व्युत्पत्तिसिद्ध अर्थ होय. उच्चार एक आणि कुळे दोन, अशी ही स्थिती असल्याने घोटाळा अटळ होता.

जोपर्यंत हा शब्द पुस्तकात होता तोपर्यंत त्याने कोणाचे नुकसान केले नाही. कँडीचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली निघाला. पेनसिल्व्हेनियात खनिज तेलाची विहीर खणली गेली ती १८५९ साली. म्हणजे कँडीच्या काळी घरोघरी तेलाचे डबे नव्हते आणि रस्त्यांवर टँकर नव्हते. विसाव्या शतकात हा शब्द पिंपांवर, गाड्यांवर व गोदामांच्या दारांवर चढला आणि ज्याने लॅटिन ऐकलेही नाही, अशा मजुराने तो वाचावा अशी अपेक्षा निर्माण झाली. तेव्हा अमेरिकेतील अग्निसंरक्षण संघटनेने १९२० च्या दशकात 'इन्' टाकून देऊन 'फ्लेमेबल' वापरावे असा आग्रह धरला. ब्रिटिश मानक संस्थेनेही १९५९ साली, संदिग्धता टाळण्यासाठी 'फ्लेमेबल' व 'नॉन-फ्लेमेबल' ह्याच रूपांस उत्तेजन देण्याचे धोरण जाहीर केले.

भाषेच्या इतिहासात ही घटना विशेष महत्त्वाची आहे. शुद्ध, जुने, व्युत्पत्तीस धरून असलेले रूप जाणूनबुजून मागे सारले गेले. ते अशुद्ध होते म्हणून नव्हे, तर वाचणाऱ्याचा घात करू शकत होते म्हणून. भारतीय कायद्याने मात्र जुनेच रूप जपले. १९५२ चा आपला अधिनियम 'इन्फ्लेमेबल सब्स्टन्सेस' ह्याच नावाचा आहे.

४

इंग्रजीची ही फजिती पाहून मराठी भाषकाने हसण्याचे कारण नाही. 'चपळ' व 'अचपळ' ही जोडी पाहावी. समर्थ रामदासांच्या करुणाष्टकांत मनास 'अचपळ' म्हटले आहे, ते स्थिर मनास नव्हे, अतिशय चंचल मनास. येथील 'अ' निषेधक नसून अर्थास बळकटी देणारा आहे. 'घोर' व 'अघोर' ह्यांचे तेच. संस्कृतात 'अघोर' म्हणजे 'जे भयंकर नाही ते', आणि म्हणूनच ते शिवाचे एक नाव होऊ शकले. मराठीत मात्र 'घोर अपराध' आणि 'अघोर अपराध' ह्यांत अधिक भयंकर कोणता हे सांगता येत नाही. अरबी 'खालिस' म्हणजे शुद्ध, त्यामागे 'नि' लागून झालेला 'निखालस'ही शुद्धच. संस्कृत 'वि' तर एकाच वेळी दोन्ही घरचा पाहुणा आहे. 'विशुद्ध'मध्ये तो गुण वाढवितो, 'विरस'मध्ये तो गुण काढून घेतो.

तात्पर्य, उपसर्ग हा मुळातच बेभरवशाचा अवयव आहे. 'अचपळ'चा अर्थ चुकला तर फार तर एखादा श्लोक चुकीचा समजेल. धोक्याच्या सूचनेत मात्र हा बेभरवसा परवडणारा नाही.

ह्या निकषावर आपली सूचना तपासून पाहू. 'अतिज्वालाग्राही' व 'अज्वालाग्राही' हे शब्द परस्परांच्या अगदी विरुद्ध आहेत आणि त्यांच्यातील अंतर 'ति' ह्या एका अक्षराचे आहे. उन्हापावसात रंगाचे पापुद्रे निघालेल्या टँकरवरील एवढे एक अक्षर पुसले गेले, तर सूचना नाहीशी होत नाही, ती उलटी होते. 'इन्फ्लेमेबल'चा दोष वाचकाच्या तर्कामुळे उत्पन्न होतो. 'अतिज्वालाग्राही'चा दोष ऊन व पाऊस मिळूनही उत्पन्न करू शकतात. 'अति' हा शब्द सुटा लिहिला तर धोका कमी होतो. म्हणून ह्या एका ठिकाणी तरी जोडून लिहिण्याचा हट्ट सोडावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

५

आता 'ज्वालाग्राही' व 'ज्वलनशील' ह्या दोन पर्यायांची घटना पाहू. 'ग्रह्' धातूस णिनि प्रत्यय लागून 'ग्राही' हे रूप होते. 'गुणग्राही', 'मर्मग्राही', 'सारग्राही' ह्या शब्दांत ते आपल्या परिचयाचे आहे. तेथे त्याचा भाव 'चटकन उचलणारा, तत्परतेने घेणारा' असा असतो. 'शील'ची गोष्ट निराळी. 'सहनशील', 'विनयशील', 'क्रियाशील' ह्यांत तो स्वभाव सांगतो, तत्परता सांगत नाही. ह्या भेदास धरून पाहिल्यास, जे जळणे ज्याच्या स्वभावात आहे ते 'ज्वलनशील' आणि जे ज्वाला चटकन पकडते ते 'ज्वालाग्राही', असा विवेक करता येतो. लाकूड ज्वलनशील आहे, पेट्रोल ज्वालाग्राही आहे. इंग्रजीत 'कम्बस्टिबल' व 'फ्लेमेबल' ह्यांत हाच भेद केला जातो. हिंदीत 'ज्वलनशील' दोन्ही अर्थांसाठी चालतो आणि महामार्गावरून तो आपल्याकडेही सर्रास आला आहे. मराठीस दोन शब्द उपलब्ध असता ते एकमेकांच्या जागी वापरणे म्हणजे हातचा भेद गमावणे होय.

हा भेद केवळ पंडिती नाही. कायदा तो अंशांत मोजतो. द्रवाची वाफ ज्या तापमानास ठिणगी लागताच क्षणभर पेट घेते, ते त्याचे निर्णायक तापमान होय. १९३४ च्या पेट्रोलियम अधिनियमानुसार हे तापमान २३ अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर तेल 'अ' वर्गात, २३ ते ६५ अंशांत असेल तर 'ब' वर्गात आणि ६५ ते ९३ अंशांत असेल तर 'क' वर्गात मोडते. पेट्रोलचे हे तापमान उणे ४० अंशांच्या आसपास आहे. म्हणजे तोरणमाळच्या पठारावरील हिवाळ्यातल्या पहाटेही पेट्रोलची वाफ ठिणगीची वाटच पाहत असते. रॉकेलसाठी मानकाने ठरविलेली किमान मर्यादा ३५ अंशांची आहे. म्हणून ते 'ब' वर्गात बसते आणि तुलनेने निरुपद्रवी गणले जाते.

परंतु येथेच स्थळाचा प्रश्न उपस्थित होतो. २३ अंशांच्या मर्यादेचे मूळ १८७९ च्या इंग्लंडमधील कायद्यात आहे. तेथे ती ७३ अंश फॅरनहाइट अशी होती. त्या देशात ३५ अंशांचा दिवस ही बातमी असते. नंदुरबार-शहाद्याच्या सपाटीवर मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो आणि ह्या गोष्टीची कोणी दखलही घेत नाही. अशा दुपारी पत्र्याच्या छपराखाली ठेवलेला रॉकेलचा डबा कागदावर 'ब' वर्गातला असला, तरी त्याचे वर्तन 'अ' वर्गास शोभेल असे होऊ शकते. तोरणमाळच्या थंडीत काडी लावूनही जे रॉकेल वातीवाचून सहसा धरत नाही, तेच उन्हाळ्यात नंदुरबारला ठिणगीने धरू शकते. 'ज्वालाग्राही' हे विशेषण व्याकरणात वस्तूस लागते. वस्तुतः ते वस्तू आणि हवा ह्यांच्यामधील संबंधाचे नाव आहे. विशेषणाच्या रूपामुळे तो संबंध वस्तूचा कायमचा गुण असल्याचा भास होतो.

६

ह्या भासाचे विवेचन ज्याने प्रथम भाषाशास्त्राच्या अंगाने केले, तो बेंजामिन ली वोर्फ हा स्वतः आगीच्या विम्याच्या धंद्यात होता. रसायन अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन १९१९ साली तो हार्टफर्ड येथील अग्निविमा कंपनीत रुजू झाला. तिच्यासाठी आगींची कारणे तपासताना त्यास असे आढळले की, कित्येक आगींच्या मुळाशी वस्तूइतकेच वस्तूचे नाव असते. १९३९ साली लिहिलेल्या व १९४१ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रसिद्ध निबंधात त्याने अशी उदाहरणे दिली आहेत. भरलेल्या पेट्रोलच्या पिंपांजवळ माणसे जपून वागतात. 'रिकाम्या' पिंपांजवळ निःशंकपणे धूम्रपान करतात. वास्तविक रिकाम्या पिंपात वाफ कोंडलेली असल्यामुळे तेच अधिक घातक असते. दुसऱ्या एका ठिकाणी भट्ट्यांना चुनखडीपासून केलेल्या द्रव्याचे वेष्टन होते. त्याच्या नावात 'दगड' होता, म्हणून त्यास आगीपासून जपण्याचे कोणास सुचले नाही. भट्टीतील आम्लाच्या वाफांनी त्या चुनखडीचे रासायनिक रूप पालटले होते, आणि आग लागताच तो 'दगड' जोराने जळाला.

वोर्फच्या सिद्धान्तावर पुढे पुष्कळ टीका झाली आणि ती बऱ्याच अंशी रास्त आहे. भाषा विचारास जखडून टाकते, हे ह्या उदाहरणांनी सिद्ध होत नाही. ज्यास वाफेचे ज्ञान आहे, तो 'रिकामा' हा शब्द वापरूनही सावध राहू शकतो. ह्या उदाहरणांनी सिद्ध होते ते एवढेच की, ज्ञान नसेल तेथे त्याची जागा शब्द घेतो. तथापि धोक्याची सूचना ज्यास वस्तूचे ज्ञान नाही त्याच्यासाठीच लिहिलेली असते. म्हणून सिद्धान्त म्हणून वोर्फ दुबळा ठरला, तरी सूचनालेखनाचा मार्गदर्शक म्हणून तो आजही उपयोगी आहे.

मराठी 'रिकामा' तर इंग्रजी शब्दाहूनही अधिक फसवा आहे. आपल्याकडे डबा रिकामा असतो तसा माणूसही रिकामा असतो, आणि ज्यास काही उद्योग नाही तो रिकामा. ज्याच्या अंगी काही करण्याचे राहिले नाही, अशी छटा त्या शब्दास कायमची चिकटली आहे. तेलाचे रिकामे पिंप कापून त्याची पाण्याची टाकी करावयाची असते, तेव्हा ते कापणारा कारागीर ह्याच छटेवर विसंबतो. त्या पिंपावर 'ज्वालाग्राही' लिहिलेले असले तरी त्याच्या दृष्टीने ते आतल्या तेलाचे वर्णन असते, आणि तेल तर संपलेले आहे.

७

'ज्वालाग्राही'वर आणखी एक आक्षेप आहे व तो अधिक मूलगामी आहे. हा शब्द ज्वाला गृहीत धरतो. सर्वच आगींना ज्वाला नसते. खानदेशातील शेतकऱ्यास हे कोणी शिकवावयास नको. कापसाच्या गंजीत ठिणगी पडली तर ती तासन्‌तास आतल्या आत धुमसते. वर ना जाळ दिसतो ना निखारा, केवळ जळकट वास येतो. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' ह्या जहाजावर हेच घडले. त्याच्या पोटात कराचीस चढविलेल्या कापसाच्या गाठी होत्या आणि सुमारे १,४०० टन स्फोटक द्रव्येही होती. दुपारी धूर दिसू लागला. गाठींच्या ढिगाऱ्यात आगीचे नेमके ठिकाण सापडले नाही आणि चारच्या सुमारास पहिला प्रचंड स्फोट झाला. शेकडो माणसे दगावली, त्यांत अग्निशामक दलाचे ६६ जवान होते. त्यांच्या स्मरणार्थ आजही देशभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. ह्या जहाजातील स्फोटकांना धोक्याचे नाव होते. कापूस मात्र केवळ कापूसच होता.

मराठी भाषेस ज्वालेवाचूनची आग अपरिचित नाही. 'आगीतून फुफाट्यात' ही म्हण त्याचीच साक्ष देते. फुफाट्यास ज्वाला नसते, पण पाय पोळतो. किंबहुना अग्नीविषयीची मराठीची खरी श्रीमंती विशेषणांत नसून क्रियापदांत व नामांत आहे. आग पेटते, चेतते, धुमसते, धगधगते, भडकते, फोफावते, मंदावते, विझते. विस्तव, आर, निखारा, इंगळ, जाळ, लोळ, धग, झळ, फुफाटा, वणवा ह्या प्रत्येक शब्दाने अग्नीची एकेक निराळी अवस्था ओळखली जाते. खानदेशच्या बोलण्यात 'विस्तव'चा 'इस्तो' होतो आणि तो घरातल्या लहान मुलासही कळतो. ह्या भाषेत आगीचे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या साठलेले आहे. 'ज्वालाग्राही' हा शब्द त्या साठ्यातून आलेला नाही. तो एका परभाषेतील विशेषणाच्या जागी दुसरे विशेषणच बसविले पाहिजे, ह्या समजुतीतून आलेला आहे.

८

सातपुड्यातील माणसास आगीचे भय कळत नाही, अशी कोणाची समजूत असल्यास ती भ्रममूलक आहे. अक्कलकुवा तालुक्यातील काठी येथील राजवाडी होळी प्रसिद्ध आहे. उंच बांबू उभारून पहाटे होळी पेटविण्याचा तो विधी अग्नीशी जिव्हाळ्याने व शिस्तीने वागणाऱ्या समाजाचाच असू शकतो. मोहाची दारू गाळणारा माणूस 'पहिल्या धारेची' दारू विस्तवावर शिंपडून ती भडकते की नाही हे पाहतो आणि त्यावरून तिचा कस ठरवितो. इंग्लंडात मद्याचा कस ठरविण्यासाठी बंदुकीची दारू त्यात भिजवून पेटविण्याची जी जुनी रीत होती, तिच्याहून ही तत्त्वतः वेगळी नाही. ज्वालाग्राहकतेची ही परीक्षाच होय. परीक्षा आहे, ज्ञान आहे, मोजमापही आहे. नाही तो फक्त 'ज्वालाग्राही' हा शब्द. तेव्हा अडाणीपणाचा आरोप करावयाचाच असेल, तर तो वाचणाऱ्यावर न करता लिहिणाऱ्यावर केला पाहिजे.

हा प्रश्न आता महामार्गापुरता राहिलेला नाही. २०१६ साली 'उज्ज्वला' योजना सुरू झाल्यानंतर स्वयंपाकाच्या गॅसचे सिलिंडर डोंगरातील घरांतही पोहोचले. 'उज्ज्वला' व 'ज्वालाग्राही' ही दोन्ही नावे एकाच 'ज्वल्' धातूची लेकरे आहेत. एक आश्वासन देते, दुसरे सावध करू पाहते. आश्वासनाचा अर्थ सर्वांस कळला, सावधगिरीचा कळला की नाही ह्याची शंका आहे. सुदैवाने त्या गॅसमध्ये एक उग्र वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळलेले असते. मूळचा गॅस जवळजवळ गंधहीन असतो. हा वास म्हणजे एक प्रकारे भाषाच आहे. ती वाचावी लागत नाही, तिला उपसर्ग नाही आणि तिचा उलटा अर्थ होत नाही. लिखित सूचनेने गाठावयाचा आदर्श हाच होय.

९

येथे एक आक्षेप संभवतो. परिभाषेत सामान्य माणसाच्या बोलीस स्थान दिले तर शास्त्राची काटेकोरता कशी टिकावी? १९६० साली भाषा संचालनालयाची स्थापना झाली तेव्हापासून राज्यकारभारासाठी एकरूप परिभाषा घडविण्याचे जे कार्य चालले, त्याचे महत्त्व प्रस्तुत लेखक नाकारीत नाही. 'अ' वर्गाच्या तेलासाठी एक निश्चित संज्ञा हवी आणि 'ज्वालाग्राही' ती होऊ शकते. 'ज्वलनशील' ही तिच्याहून व्यापक संज्ञा म्हणून राखावी, 'दाहक' तेजाबासाठी राखावी. पुस्तकात, कायद्यात व प्रयोगशाळेत हे तिन्ही शब्द आपापल्या सीमांत राहिले तर मराठीची सोयच होईल.

परंतु संज्ञा आणि सूचना ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. संज्ञेचे काम वस्तूचे वर्गीकरण करणे, सूचनेचे काम माणसाचा हात थांबविणे. पहिलीस विशेषण लागते, दुसरीस क्रियापद लागते. 'अतिज्वालाग्राही' ह्या शब्दात माणूस कोठेच नाही. त्याने काय करावयाचे, हे त्यात सांगितलेले नाही. त्याऐवजी 'हे तेल झटकन पेट घेते. विडी, दिवा, ठिणगी दूर ठेवा' असे लिहिले, तर जागा थोडी अधिक लागेल. पण एखादे अक्षर पुसले गेले तरी अर्थ उलटणार नाही. रिकाम्या पिंपावर 'रिकाम्या पिंपातही वाफ असते, ती पेट घेते' असे लिहिता येईल. कापसाच्या गोदामावर 'कापूस आतून धुमसतो. वास आला तर लगेच सांगा' असे लिहिता येईल. ह्या तिन्ही वाक्यांत एकही नवा शब्द घडवावा लागलेला नाही.

आगीशी लढणाऱ्या यंत्रास मराठी माणसाने 'बंब' हे पोर्तुगीजांकडून आलेले नाव दिले आणि ते शतकानुशतके चालले. पेट्रोलियमच्या दिव्याच्या तेलास त्याने 'घासलेट' म्हटले, 'रॉकेल' म्हटले. हे शब्द कोणत्याही समितीने घडविलेले नाहीत. ते वापरणाऱ्यांनी घडविले, म्हणून ते कळतात. संकटाच्या वेळी धावून येतो तो असाच शब्द.

शेवटी अभ्यासकांसाठी एक सूचना. नंदुरबार जिल्ह्यात मावची, वसावी, पावरी, अहिराणी, गुजरी अशा अनेक बोली नांदतात. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाच्या नवव्या खंडात भिल्ली बोलींचा व खानदेशीचा परामर्श घेतला आहे. तथापि तेथील नमुने व शब्दयादी तुलनेच्या हेतूने जमविलेली आहेत. आग धरणे, धुमसणे, भडकणे, विझविणे ह्या क्रियांसाठी ह्या बोलींत कोणते शब्द आहेत, ज्वालेची आग व ज्वालेवाचूनची आग ह्यांत त्या कसा भेद करतात, ह्याचा संग्रह आपल्या विभागातील विद्यार्थ्यांनी करण्यासारखा आहे. त्यांतील पुष्कळजण ह्याच बोली घरी बोलतात. असा संग्रह प्रबंधाचा विषय तर होईलच. शिवाय धडगाव वा अक्कलकुवा येथील एखाद्या डब्यावर, पिंपावर किंवा दारावर, तेथल्या माणसास पाहताक्षणी कळेल असे एक वाक्य त्यातून लिहिता येईल.